खजर वगेचा मासा

कनिबल गावात अक्रोडाच्या झाडावरून दोन भावांत जुंपली, की लोक खजर मोहम्मद वगेला बोलावून आणत. तो काही पंच नव्हता, की मशिदीत पुढे बसणारा मोठा माणूस नव्हता. रेशकोल ओढ्याच्या काठाने बाहेरगावच्या साहेबांना ट्राउट मासे दाखवत फिरणारा गाईड. पण खजर खोटं बोलत नाही, एवढं गावाला पक्कं ठाऊक होतं. ही कमाई त्याची नव्हे, बापाची. बाप सोनाउल्ला याच ओढ्यावर चाळीस वर्षं राबला. पाणी गढूळ असलं, तर मासेमारीचा परवाना हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या साहेबाला तो सरळ सांगे, "आज मासा लागायचा नाही. मिठाचा नून चहा घ्या आणि झोपा." दिवसाची मजुरी बुडे, पण पुढच्या वर्षी तोच साहेब सोनाउल्लाचं घर विचारत येई.

दोरा पाण्यावर कसा सोडायचा, म्हणजे गळाला बांधलेली पिसाची माशी आपसूक येऊन टेकल्यासारखी दिसते, हे बापाने खजरला शिकवलं. आणि फसवायचं ते माशाला, माणसाला नाही, हेही बजावलं. खजरने दोन्ही गोष्टी पाळल्या. दुसरी मात्र वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंतच.

त्या सप्टेंबरात लखनौहून जगतनारायण सक्सेना नावाचे गृहस्थ आले. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले, उंच, ताठ, दिवसाला दहा वाक्यं बोलणारे. बायको चार महिन्यांपूर्वी गेली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं, की डोंगरात जा, मासे धरा, मन रमेल. मन काही रमलं नाही. तीन दिवस ते पाण्यात गळाची काठी धरून उभे राहिले, दोनदा दोरा झाडीत अडकवला, आणि तिसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "खजर, उद्या मी निघतो."

दोघं लाकडी पुलाच्या वर, काळ्या दगडाच्या डोहापाशी होते. गोठ्याएवढा तो दगड, आणि त्याच्या पोटाखाली हिरवंगार पाणी. जजसाहेबांनी काठी बाजूला ठेवली. मग मनगटावरचं घड्याळ काढलं आणि नीट, पट्टा सरळ करून, एका धोंड्यावर ठेवलं.

"हे पाणी किती खोल असेल?" त्यांनी विचारलं.

खजरची नजर त्या घड्याळावर गेली. सहा वर्षांपूर्वी रोट्यांच्या भट्टीवाल्या नबीरची बहीण याच डोहात गेली होती. तिला सगळ्यात आधी शोधत आला तो खजर, आणि त्याला सापडली ती कानातली, याच काठावर, रुमालावर नीट मांडून ठेवलेली.

"घड्याळ घाला, साहेब," तो म्हणाला. "वेळ बघावी लागेल. तो उजेड उतरल्यावरच वर येतो."

"कोण?"

"या डोहातला."

कोण ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. पण जजसाहेबांनी मान वळवली होती, आणि ती पुन्हा पाण्याकडे वळू नये एवढंच त्याला कळत होतं. म्हणून तो बोलत सुटला. हातभर लांब आहे. पाठ अक्रोडाच्या सालीसारखी काळी. डाव्या जबड्यात जुना गळ रुतलाय, त्याचा गंज काठावरून दिसतो. आणि हे सगळं पुरेसं वाटेना म्हणून शेवटी म्हणाला, "माझ्या बापाचा दोरा त्यानेच तोडला. तो गळ बापाचाच."

 जजसाहेबांनी घड्याळ उचललं. "उद्याचा दिवस थांबतो," ते म्हणाले.

थांबले ते नऊ दिवस.

त्या रात्री जेवताना खजरने बायकोला, मुगलीला, सगळं सांगितलं. ती हाकाची भाजी वाढता वाढता थबकली. "बापालाही ओढलंत त्यात?"

"तोंडात आलं."

"तोंडात आलेलं गिळता येतं. बाहेर पडलेलं नाही." मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "असू दे. एक माणूस जिवंत आहे. जाईल आपल्या गावी, विसरेल."

पुढच्या ऑगस्टात जजसाहेबांचं पत्र आलं. नवी काठी घेतली आहे, वर्षभर गच्चीवर दोरा टाकायचा सराव केला आहे, पंधरा तारखेला येतो. खाली एक ओळ होती: तो आहे ना?

खजरला लिहिता येत होतं. 'नाही' हा शब्द तर लहान पोरही लिहितं. त्याने लिहिलं, 'या.'

तेव्हापासून दर सप्टेंबरात पंधरा दिवस खजर जजसाहेबांचा झाला. गावात भात कापणीला येई, अक्रोड झोडायचे असत, आणि हा बाप्या काळ्या दगडापाशी उभा. भात मुगली कापी, दोन मजूर लावून. येता-जाता बोलायला ती चुकत नसे. "शेत माझं, मूल माझं, गाय माझी. तुमचा एक मासाच काय तो."

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण या खोट्याला चांगले चार फुटले. चौथ्या वर्षी नबीर भट्टीवर गिरद्याच्या रोट्या लावता लावता चार लोकांत म्हणाला, की त्याने स्वतः तो मासा पाहिलाय, पहाटे, पुलावरून. मग गुराख्याने पाहिला. मग शाळेच्या मास्तरांनी. खजर भट्टीपाशी बसला की लोक त्याच्याकडे बघत, आणि तो कपात बघे. खजर काही बोलत नाही म्हणजे मासा खराच, असा हिशेब लोकांनी लावला. खजर खोटं बोलत नाही ना.

त्याच वर्षी जजसाहेबांनाही तो दिसला. उजेड कलला होता. दगडाखालून काहीतरी काळं, लांब, वर येऊन वळलं आणि खाली गेलं. "पाहिलास?" जजसाहेबांनी त्याचा दंड घट्ट धरला. खजर शेजारीच उभा होता. त्याने पाहिला होता, तो वरच्या रानातून वाहत आलेला देवदाराचा ओंडका. 

"पाहिला, साहेब," खजर म्हणाला.

पाचव्या वर्षी सुटकेची वाट आपणहून दारात आली. पलीकडच्या खोऱ्यात ट्राउटची पैदास करायचं सरकारी केंद्र होतं, तिथे राखणदाराची कायमची जागा निघाली, आणि खजरचं नाव लागलं. वीस सप्टेंबरला हजर व्हायचं. मुगलीने त्याचा लोकरी फेरन धुऊन ठेवला. अठरा तारखेला खजर जजसाहेबांना सांगायचं म्हणून तोंड उघडणार, तोच पाण्याकडे पाहत जजसाहेब म्हणाले, "तुला एक सांगतो, खजर. उन्हाळ्यात मला औषधांचा कंटाळा येतो. वाटतं, पुरे झालं, आता घेऊ नयेत. मग वाटतं, सप्टेंबर तर आलाच."

"दुसरेही चांगले गाईड आहेत साहेब इथे," खजर चाचरत म्हणाला.

"असतील. त्यांच्या बापांचा दोरा त्याने तोडलाय का?"

वीस तारखेला खजर डोहावरच होता. ती जागा त्याच्या चुलतभावाला मिळाली. आज तो पक्क्या घरात राहतो आणि ईदेला भेटला की सांगतो, "भाईजान, तुमची कृपा." मुगलीने तो फेरन पुन्हा पेटीत टाकला. त्यावर ती काहीच बोलली नाही, आणि तेच खजरला जास्त लागलं.

मग पुराचं वर्ष आलं. सगळं खोरं पाण्याखाली गेलं, रेशकोलने पूल नेला, काठावरची शेतं नेली. पाणी ओसरल्यावर खजर डोह बघायला गेला. वाळू भरून निम्मा बुजला होता. खजर तिथेच ओल्या गोट्यांवर बसला. गावात सगळीकडे रडारड, आणि याला वाटलं, सुटलो. या वाटण्याची लाजही वाटली. पण त्याने फोन केला. "साहेब, डोह बुजला. पुरात तो गेला असणार."

"दगड आहे?" जजसाहेबांनी विचारलं.

"दगड आहे."

"मग तोही आहे. माझ्याच बायकोच्या आजारात डॉक्टरांनी तीनदा गेली म्हणून सांगितलं होतं. इतक्या लवकर सोडायचं नसतं, खजर."

पुढच्या वर्षी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने वाळू वाहून गेली, आणि डोह होता तसा झाला.

दहाव्या वर्षी खजरच्या मुलीचं, दिलशादाचं, लग्न ठरलं. सासरच्यांनी सप्टेंबरातलीच तारीख काढली. जावई फौजेत, त्याला सुट्टी तेवढीच. खजरने दहा वर्षांत पहिल्यांदा जजसाहेबांना सांगितलं, "उद्या मी यायचा नाही. पोरीची मेंदी आहे. तुम्हीही या घरी, वाजवानची मेजवानी आहे."

"आशीर्वाद देऊन जाईन," जजसाहेब म्हणाले. "डोहावर जाणार नाही. तुझ्याशिवाय काय जायचं."

दुपारी ते आले, दिलशादाच्या डोक्यावर हात ठेवला, तिला एक शाल दिली. बायकांनी गाणी धरली होती, अंगणात वाझा आचाऱ्यांच्या चुलींवर मोठी तांब्याची भांडी चढली होती. उजेड कलायला लागला तेव्हा खजरने सहज पाहिलं, तर ज्या खुर्चीवर जजसाहेब बसले होते ती रिकामी.

तो अनवाणीच धावला. जजसाहेब काळ्या दगडाच्या बाजूला दोन धोंड्यांच्या फटीत अडकले होते. पाणी छातीपर्यंत, ओठ निळे, डावा पाय भलत्याच बाजूला वळलेला. हातात काठी होती, ती सोडली नव्हती.

"आला होता," ते म्हणाले. "माशीला शिवून गेला."

चार माणसांनी त्यांना खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. गाडीत कोण बसणार? त्यांचं इथे कुणी नव्हतं. खजरने घराकडे पाहिलं. दारात मुगली उभी होती. तिने हातानेच सांगितलं, जा.

अनंतनागच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी सकाळी जजसाहेबांच्या पायाला प्लास्टर बसलं. तिकडे कनिबलमध्ये वरात यायची वेळ झाली होती. खजरच्या अंगावर कालचाच ओला, वाळून ताठ झालेला सदरा. त्याने स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि सांगून टाकलं. मासा नाही. कधीच नव्हता. बापाचा दोरा कुणी तोडला नाही. तुम्ही घड्याळ काढून ठेवलंत, मी घाबरलो, तोंडाला येईल ते बोललो. चौथ्या वर्षी दिसला तो ओंडका होता.

जजसाहेब डोळे मिटून ऐकत होते. खजर थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट असं प्रेम होतं, की खजरला बघवेना.

"बत्तीस वर्षं मी कबुलीजबाब ऐकलेत," ते म्हणाले. "खरा कोणता, खोटा कोणता, मला लगेच कळतं. खोटा कबुलीजबाब देणारा माणूस नेहमी कुणाला तरी वाचवायला बघत असतो. तू मला वाचवायला बघतोयस. मी पुन्हा पाण्यात उतरू नये म्हणून."

"साहेब, खुदाची शपथ घेतो."

"घेऊ नकोस. उगाच पाप लागेल." त्यांनी त्याचा हात थोपटला. "जा. पोरीची पाठवणी गाठ."

ती त्याला गाठता आली नाही. तो पोचला तेव्हा अंगणात खरकटी ताटं होती आणि मुगली भिंतीला टेकून बसली होती. "मागे वळून वळून बघत होती," ती म्हणाली. "मी सांगितलं, अब्बा येतायत." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं."

"मग?"

"पटलं नाही."

मुगलीला हसू आलं, आणि हसता हसता ती ओढणीने डोळे पुसायला लागली.

खजरला वाटलं, पाय मोडला, वय झालं, आता तरी हे संपलं. पुढच्या सप्टेंबरात जीपमधून जजसाहेब उतरले ते कुबड्यांवर, सोबत घडीची खुर्ची. खुर्ची काठावर मांडली गेली. जजसाहेबांनी आपली काठी खजरच्या हातात दिली. "मला उतरता येत नाही. आता तू धरायचा."

आणि तेव्हापासून तीन सप्टेंबर, रोज संध्याकाळी, खजर मांडीभर गार पाण्यात उभा राहून नसलेल्या माशासाठी दोरा टाकत राहिला. मागे खुर्चीवरून सूचना येत. "जरा डावीकडे. दगडाला लागून. नाही, माशी फार पुढे गेली, ओढून घे." आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं. आता म्हातारा त्याचा गाईड झाला होता. कधी एखादा वीतभर मासा लागला, की खजर तो सोडवून पाण्यात परत सोडी, आणि जजसाहेब म्हणत, "हा नव्हे." लहानपणी दोरा हवेत उलगडताना खजरच्या अंगावर आनंदाने काटा यायचा. त्या तीन वर्षांत तो आनंद कुठे गेला ते त्याला कळलंही नाही. दोरा हातातून सुटे, पाण्यावर पडे. पाठीवर दोन डोळे असत. कधीकधी त्याला वाटे, मासा आपणच आहोत, आणि गळ दुसऱ्या कुणी नाही, आपणच जबड्यात रुतवून घेतलाय.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात जजसाहेब लखनौला, घरी, झोपेत गेले. फोन त्यांच्या मुलीचा होता. खजरने तो बाहेर बर्फात उभं राहून घेतला. आत आल्यावर मुगलीने त्याच्या फेरनाखाली निखाऱ्यांची कांगडी सरकवली. तो खूप रडला. कशासाठी ते त्याला वेगळं करून सांगता आलं नसतं.

सप्टेंबरात मुलगी आली. वसुधा नाव, पन्नाशीची, कॉलेजात शिकवणारी, बापासारखीच उंच. वडिलांची काठी लांबट पिशवीतून तिने आणली होती. काठी खजरला द्यायची, अशी त्यांची इच्छा होती. "आणि मला तो डोह बघायचाय," ती म्हणाली. "तीन दिवसांचा परवाना काढलाय."

डोहापाशी पोचल्यावर तिने विचारलं, "तो मासा खरंच आहे का हो, खजरभाई?"

तेरा वर्षांत असं उघड त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचे ते, कुठे आहे, केव्हा दिसतो, किती मोठा. त्याने सांगितलं, "नाही."

आणि तिने विश्वास ठेवला. लगेच, एका शब्दावर. खजरला वाटत आलं होतं, की ज्या दिवशी कुणी विश्वास ठेवेल त्या दिवशी छातीवरची धोंड उतरेल. वसुधा मात्र त्याच्याकडे अशी बघत होती, की धोंड जागची हलली नाही, उलट जड झाली.

"आईचं श्राद्ध पितृपक्षात असतं," ती म्हणाली. "म्हणजे सप्टेंबरातच. तेरा वर्षांत एकदाही बाबा घरी नव्हते. मी एकटी करायची. माझ्या मुलाचा वाढदिवस याच महिन्यात. आजोबा कुठे? माशाकडे. मी म्हणायची, जाऊ दे, त्यांना तिथे काहीतरी मिळतंय. आणि तुम्ही म्हणताय, इथे काहीच नव्हतं. का केलंत असं? दरवर्षी गिऱ्हाईक मिळावं म्हणून?"

खजरला गप्प राहता आलं असतं. गिऱ्हाइकासाठी केलं असं म्हणून तिच्या शिव्या खाता आल्या असत्या, आणि ते कदाचित बरं झालं असतं. पण तेरा वर्षांनी कुणीतरी त्याचं खरं मानलं होतं, आणि आता तोंड थांबेना. त्याने धोंडा दाखवला. घड्याळ कसं ठेवलं होतं, पट्टा कसा सरळ केला होता, पाणी किती खोल म्हणून कसं विचारलं होतं, सगळं सांगितलं.

वसुधा खाली बसली. बराच वेळ तिने त्या धोंड्यावरून नजर काढली नाही.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"तुम्ही विचारलंत, बेनी," बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला.

"मी माशाबद्दल विचारलं होतं."

तीन दिवसांचा परवाना होता, म्हणून ती तीन दिवस राहिली. तिने खजरकडून दोरा टाकायला शिकून घेतलं. जमलं नाही फारसं. एक छोटा ट्राउट लागला, तो तिने ओल्या हातात धरून त्याच्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि सोडून दिला. त्या गोष्टीबद्दल दोघं पुन्हा बोलले नाहीत. मुगलीने तिला जेवायला वाढलं, आणि दोघी बायका स्वयंपाकघरात बराच वेळ बसल्या. काय बोलल्या, ते मुगलीने सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी ती जीपची वाट पाहत नव्या पुलावर उभी होती. गावात फोन नीट लागतो तो तिथेच. खजर तिची पिशवी घेऊन शेजारी होता. फोन वाजला. तिचा भाऊ, कॅनडातला. वारा नव्हता, पलीकडचा आवाजही खजरला तुटक तुटक ऐकू येत होता. भाऊ विचारत होता, बाबांचा मासा पाहिलास का.

वसुधा पाण्याकडे बघत होती. 

"पाहिला," ती म्हणाली. "हो, दगडाखालीच. काळा आहे, मोठा. नाही रे, हाताला नाही लागला." मग बराच वेळ ऐकत राहिली. "हो. बाबा सांगायचे तसाच."

तिने फोन पर्समध्ये टाकला. खजरकडे न बघता म्हणाली, "लहानपणापासून तो बाबांना घाबरायचा. आत्ता पहिल्यांदा त्यांच्याबद्दल हसून बोलत होता. मी काय सांगणार होते त्याला?"

 हे खजरइतकं कुणाला कळणार होतं.

जीप वळणावर दिसली. वसुधाने पिशवी घ्यायला हात पुढे केला. "पुढच्या सप्टेंबरात येतोय तो," ती म्हणाली. "पंधरा दिवसांची सुट्टी काढून. तुम्ही असाल ना?"

मुगली गेले दोन महिने म्हणत होती, की हिवाळा संपला की दिलशादाकडे जम्मूला जाऊन राहू, नातवंडं बघू, हे पाण्यात उभं राहणं आता पुरे. गुडघ्यांना सोसत नाही. खजरने तिला हो म्हटलं होतं.

"असेन," तो म्हणाला.